अडवलेल्यांची यादी

धाकटीने बोटींच्या जुन्या याद्यांच्या फिल्मची चक्री उलटी फिरवली आणि गेलेलं पान पडद्यावर परत आणलं. मग नाक जवळजवळ काचेला लावून ती एकेक ओळ लावायला लागली. बोटीवरच्या कारकुनाचं अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. पण तिची हयात औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेली होती, असल्या अक्षराला ती थोडीच भीक घालणार! सतरावी ओळ. बाई, विधवा, वय एकोणतीस, जमात ज्यू, काम शिवणाचं. कोणाकडे जाणार, तर दिराकडे. पुढे दिराचा पत्ता.

पत्त्यावर बोट ठेवून तिने तो पुन्हा लावला. बाबांच्या शाळेच्या पहिल्या दाखल्यावर तोच पत्ता होता.

"सापडली!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या.

नोंदणी कक्षातली बाई डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढत लगबगीने आली. सात आठवडे, दर बुधवारी, दुकान बंद असायचं त्या दिवशी धाकटी इथे येऊन बसत होती आणि ही बाई न कंटाळता तिला डब्यामागून डबे काढून देत होती. दोघींचं आता चांगलंच जमलं होतं.

"बघू, बघू. अगबाई, खरंच की! आता पेढे कधी?"

"पण ही आलीच नव्हती हो," धाकटी म्हणाली. "आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. आजी आलीच नाही."

घरातली गोष्ट अशी होती. बाबा सहा वर्षांचे असताना काकांचं बोट धरून बोटीने या शहरात आले. वडील आधीच वारले होते. आईकडे एकाच तिकिटापुरते पैसे होते, म्हणून तिने मुलाला दिराबरोबर पुढे पाठवलं. मी पुढच्या बोटीने येते, असं धक्क्यावर म्हणाली. पुढच्या बोटीने ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. काकांनी गावाला दोन पत्रं टाकली, दोन्ही जशीच्या तशी परत आली. मग इकडे काकांनी काम बदललं, घर बदललं, लग्न न करता पोराला वाढवलं. बाबा शिकले, त्यांचा संसार झाला, त्यांना दोन मुली झाल्या, थोरली आणि ही धाकटी. बाबांच्या आईची पुढे काय गत झाली ते कोणालाच कळलं नाही.

आता बाबा एकोणनव्वदचे. दृष्टी गेलेली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस त्यांनी धाकटीला जवळ बसवून घेतलं होतं.

"मला तिची तारीख आणून दे," ते म्हणाले होते. "मुलाने आईसाठी ती गेली त्या दिवशी प्रार्थना म्हणायची असते. मी एकदाही म्हटली नाही. मी गेल्यावर कोण म्हणणार?"

बाबांनी तिच्याकडे आजवर काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायचे, सांडायचे आणि वर तिलाच फडकं कुठे ठेवलं म्हणून रागवायचे. त्या माणसाने हात धरून मागितलं, तेव्हा नाही म्हणायला जीभ उचलेना. ती मरणाची तारीख शोधायला निघाली होती आणि इथे भलतंच हाती लागलं होतं.

"ही फुली कसली?" तिने पडद्यावर बोट ठेवलं. आजीच्या नावाच्या डाव्या बाजूला शाईची छोटी फुली होती.

तिने स्वतः चक्री हातात घेतली.

"अडवलेली," ती म्हणाली. "उतरल्यावर ज्यांना बाहेर सोडत नसत, त्यांना अशी फुली. त्यांची वेगळी यादी शेवटी असते. थांबा जरा."

पानं सरसर पुढे गेली आणि थांबली. इथे रकाने वेगळे होते. नाव. अडवण्याचं कारण. तारा पाठवल्या. जेवणं. निकाल.

सहावी ओळ आजीची. कारण : दीर न्यायला येण्याची वाट. तारा : दोन, चार तारखेला आणि सात तारखेला. जेवणं : सकाळ अकरा, दुपार अकरा, रात्र दहा. निकाल : न्यायला कोणी आलं नाही, बारा तारखेच्या बोटीने परत.

धाकटीने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग ती नुसतीच जेवणांच्या आकड्यांकडे बघत बसली.

"हे जेवणाचं कशाला लिहायचे?"

"किती दिवस ठेवलं त्याची नोंद हवी ना. सकाळ, दुपार, रात्र." बाईने आवाज खाली आणला. "एकट्या बाईला घरचा पुरुष आल्याशिवाय सोडत नसत. तार करायचे, वाट बघायचे. बहुतेकांचं माणूस दुसऱ्या दिवशी यायचं. अकरा दिवस म्हणजे फारच झाले."

"आणि परत गेल्यावर?"

"तेही बघू."

तेही त्यांनी बघितलं. समुद्रापलीकडच्या आजीच्या गावाच्या नोंदी दुसऱ्या डब्यात होत्या. आजी परत गेल्यानंतर तीन वर्षं जन्म, लग्नं, मरणं, सगळं नीट लिहिलेलं होतं. आजीचं नाव त्यात कुठे नव्हतं. चौथ्या वर्षी गावातल्या एकाही ज्यूची नोंद नव्हती. पाचव्या वर्षीही नव्हती.

"म्हणजे?" धाकटी म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाली आणि तिने दिवा बंद केला.

धाकटी बसची वाट न बघता चालत सुटली. चालता चालता तिच्या डोक्यात एकच माणूस घुमत होता, तो म्हणजे काका. दिवाणखान्याच्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, ते काका. काका नसते तर मी रस्त्यावर आलो असतो, हे वाक्य तिने लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. त्या देवमाणसाला दोन तारा गेल्या. त्याच्या भावाची बायको तासाभराच्या अंतरावर बाकड्यावर बसून होती, आणि हा गेला नाही! का? एक तोंड वाढेल म्हणून? पोरगं आपल्याकडेच राहावं म्हणून? मेल्या, अकरा दिवस! तिला इतका संताप आला की तिने रस्त्यात मोठ्याने शिवी हासडली, आणि समोरून येणारा एक गृहस्थ निमूट बाजूला झाला.

जिना चढेपर्यंत तिने ठरवून टाकलं. बाबांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही. काही सापडलं नाही म्हणायचं, झालं. एकोणनव्वदाव्या वर्षी माणसाकडून त्याचे काका काढून घ्यायचे, हे आपल्याच्याने व्हायचं नाही.

बाबा खिडकीपाशी बसले होते. दुपारचं ऊन त्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं.

"पावलं जड पडताहेत आज," ते म्हणाले. "काय झालं?"

"काही नाही. ऊन आहे बाहेर."

"सापडलं काही?"

"नाही."

"खोटं बोलायला तुला कधीच जमलं नाही. थोरलीला जमतं."

तिने पर्स खुर्चीवर आदळली. समोर भिंतीवर काका टोपी घालून शांतपणे बघत होते. तिचा तोल गेला.

"बाबा, तुमच्या काकांना कधी तार आली होती का हो?"

बोलून झाल्यावर तिला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली. बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर चाळा करत होती, ती थांबली. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर करत होतं.

"काकांना नाही," ते म्हणाले. "कपाट उघड. खालच्या कप्प्यात त्यांच्या टोपीचं खोकं आहे. टोपी उचल."

धाकटीने खोकं काढलं. टोपीच्या खाली, तळाशी घातलेल्या कागदाच्याही खाली दोन पाकिटं होती. पिवळी पडलेली, कडांना विरलेली. दोन्ही चिकटवलेली, जशी आली तशी.

"काका कामावर असायचे," बाबा सांगू लागले. "मी घरी एकटा. तारवाल्याने दार वाजवलं आणि माझ्या हातात दिली. मला तार म्हणजे काय ते ठाऊक होतं. गावाला वडील गेल्याची तारच आली होती. आईने फोडली आणि उंबऱ्यात बसली ती बसलीच. तारेत तेवढं एकच असतं, असं मी धरून चाललो होतो. म्हणून लपवली. फोडलीच नाही तर ती मेलीच नाही, कळलं ना? तीन दिवसांनी परत एक आली. मला वाटलं, तारवाल्याने चुकून तीच पुन्हा आणली."

"काकांना नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? त्या रात्री ते तिला पत्रच लिहायला बसले होते."

धाकटीने फोटोकडे बघितलं. मघाशी रस्त्यात घातलेली शिवी तिला आठवली आणि ती पाकिटं घेऊन बाबांसमोर बसली.

"नंतर मोठे झालात तेव्हा?"

"नंतर भीती वाटायला लागली. मग सवय झाली. मग तुमची आई आली, तुम्ही झालात, ते खोकं घरोघर फिरलं." त्यांनी हात पुढे केला, पण पाकिटं घेतली नाहीत. नुसता तळवा उघडा ठेवला आणि परत मांडीवर घेतला. "आता मला दिसत नाही, म्हणून धीर आला. वाच तू. तारीख त्यातच असेल. सात आठवडे तुला उगाच पिटाळलं बघ. तुला बाहेरच कुठे मिळाली असती, तर या फोडाव्या लागल्या नसत्या."

आता काय करायचं? त्र्याऐंशी वर्षं बंद राहिलेलं पाकीट तिने नखाने उघडलं. कागद घडीवर मोडला. तीन ओळी होत्या, टंकलेल्या, अगदी स्पष्ट.

तुमची वहिनी बंदरात पोचली आहे. न्यायला यावे. मुलाला बरोबर आणावे अशी तिची विनंती आहे.

"वाच ना," बाबा म्हणाले.

सगळ्या शहराच्या डॉक्टरांचं अक्षर लावणाऱ्या धाकटीला तीन टंकलेल्या ओळी वाचता येईनात. तिने कागद गुडघ्यावर दाबून धरला.

"कळवण्यास दुःख होते," ती म्हणाली. "तुमच्या वहिनी तापाच्या आजाराने वारल्या. त्रास झाला नाही. तारीख चार."

"चार."

"हो."

"ताप," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा सैल पडला. ते रडत होते, पण तोंडावर काहीतरी सुटल्यासारखं होतं, आणि ते बघून धाकटीला क्षणभर वाटलं, जमलं आपल्याला. या वयात का होईना, खोटं बोलायला जमलं. "म्हणजे माझ्या लपवण्याने काही झालं नाही. ती आधीच गेली होती."

"काहीच झालं नाही, बाबा. तुम्ही सहा वर्षांचे होतात."

"दुसरी?"

तिने दुसरं पाकीट फोडलं. वहिनी अजून इथेच आहे. कोणी आलेले नाही. त्वरित उत्तर द्यावे.

"तेच आहे यात," ती म्हणाली. "पहिली पोचली की नाही कळेना, म्हणून परत पाठवली असेल. तारीख सात."

बाबांनी मान हलवली. बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, "उठव मला. उभं राहून म्हणायची असते."

तिने त्यांना काखेत धरून उभं केलं. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले. आयुष्यभर इतरांसाठी म्हटलेले शब्द त्यांनी सुरू केले, हळू, एकसुरी आवाजात. पहिली ओळ झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि ते थांबले.

आठवत नसेल, असं धाकटीला वाटलं. पण त्यांचे ओठ हलत नव्हते. कपाळावर आठी होती. लहानपणी ती गणित चुकवून आणायची तेव्हा पाटीवर हात ठेवून ते असेच थांबायचे.

"दोन तारा," ते म्हणाले.

"बाबा, सांगितलं ना मी."

"हो. सांगितलंस." खुर्चीच्या पाठीवरची त्यांची बोटं पांढरी झाली. "मी आणि काका उतरलो ना, तेव्हा एक मोठा हॉल होता. जाळीच्या पलीकडे लोक बसलेले. मी विचारलं, हे कोण? काका म्हणाले, यांचं माणूस अजून यायचंय. मला तिथे उकडलेलं अंडं दिलं होतं, मी ते कवचासकट खाल्लं."

ही गोष्ट ते नेहमी हसवायला सांगायचे. धाकटी आणि थोरली अंड्यापाशी आल्या की पोट धरून हसायच्या. आज ते नुसतेच उभे होते, न दिसणाऱ्या डोळ्यांनी खिडकीकडे तोंड करून.

"धाकटे."

"काय, बाबा?"

"तिथे तिला जेवायला घालत होते ना?"

धाकटीच्या हातातून एक कागद खाली घसरला. तो उचलायला ती वाकली नाही.

"हो," ती म्हणाली. "तिन्ही वेळा."

बाबांनी मान डोलावली, चाचपत खुर्चीच्या पुढे आले आणि बसले. प्रार्थना त्यांनी पुढे म्हटली नाही.