मागची सीट

"आधी बॉनेट उघड बाई," आण्णाप्पा म्हणाला.

शोरूमची पोरगी जरा गोंधळली. स्टेरिंगशेजारचा मोठा पडदा तिने चालू करून ठेवला होता. त्यावर नकाशा कसा येतो, फोन कसा जोडायचा, हे सगळं ती आता दाखवणार होती. कल्याणी असं नाव तिच्या खिशावरच्या पट्टीवर लिहिलं होतं. आठ महिन्यांच्या नोकरीत तिच्याकडे आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्या पडद्याला बोट लावून बघायचं. बॉनेट उघड म्हणणारा हा पहिलाच.

"अप्पा तसंच बघत्यात," ओमकार हसून म्हणाला. "एकतीस वर्षं गाडी चालवलीया त्यांनी. टिळकवाडीच्या केशवराव वकिलांकडं. एक ओरखडा न्हाय बघा गाडीवर."

ओरखड्याचं हे वाक्य ओमकार भेटेल त्याला ऐकवायचा. बापाकडून त्याला शेत मिळालं ते अर्धा एकर, तेही तिघांत. हे वाक्य मात्र सगळंच्या सगळं त्याच्या वाट्याला आलेलं होतं, त्यामुळे तो ते जपून नव्हे तर चांगलं उधळून वापरायचा.

आणि ते खोटंही नव्हतं. त्यांच्या गावात, हिंडलग्यात, कुणाला गाडी घ्यायची असली की तो माणूस आधी आण्णाप्पाच्या दारात यायचा आणि मग बँकेत जायचा. आण्णाप्पा त्याला कट्ट्यावर बसवून घेई. माणसं किती, रस्ता कुठला, ओझं काय, असं सगळं विचारी. "चोर्ल्याचा घाट चढणार असशील तर बाराशेचं इंजिन घे, हजारचं दम टाकतंय." "गॅसची गाडी घेतोस खरं, पण डिकीत सिलेंडर बसतोय. बायकोचं भाजीचं पोतं काय टपावर बांधतोस?" ऑटोमॅटिकचं नाव काढलं की तो नुसता हसे. ज्याला क्लच कळत नाही त्याच्यासाठी कंपनीने काढलेली ती सोय आहे, असं त्याचं स्पष्ट मत होतं. त्याच्या शब्दावर गावात चौदा-पंधरा गाड्या आल्या.

त्याच्या स्वतःच्या दारात मात्र सायकल होती. सकाळी सातला सायकलवरून टिळकवाडीला जायचं, वकिलांची गाडी पुसायची, त्यांना कोर्टात न्यायचं, आणायचं, संध्याकाळी गाडी त्यांच्या दारात लावून सायकलवरून परत यायचं. कोर्टाबाहेर चार-चार तास थांबावं लागे. झोप आली तर तो स्टेरिंगमागची सीट जरा मागे पाडून डोळा लावी. मागची सीट सबंध मोकळी असे, पण तिथे तो एकतीस वर्षांत एकदाही बसला नाही. कुणी बसू नको म्हटलं नव्हतं. मागचं दार आपण उघडून धरायचं, आत दुसऱ्याने बसायचं, एवढं त्याला पहिल्या दिवशी कळलं होतं आणि पुढे त्याचा विचार करायची गरज पडली नव्हती.

गेल्या वर्षी केशवरावांना मुलाने बंगळूरला नेलं. गाडी विकली. आण्णाप्पा घरी आला आणि कट्ट्यावर बसून राहिला. रस्त्याने गाडी गेली की मान न वळवता म्हणायचा, "तिसऱ्यात पायजे हुती, चौथ्यात टाकलीया." ओमकारला ते बघवेना. उद्यमबागेतल्या कारखान्यात त्याला नुकतीच बढती मिळाली होती. त्याने ठरवूनच टाकलं. "गाडी घ्यायची अप्पा. तेजस्वीला सकाळी शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं. तुमचीच गाडी. म्हणाल ती घिऊ."

आण्णाप्पाने तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तो बोलला नाही.

दिवाळीच्या आधी तो एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. चष्म्याचा नंबर वाढला असेल अशी त्याची समजूत. डॉक्टरांनी यंत्रात डोकं ठेवायला लावलं, ठिपके दाखवले, आणि काचबिंदू म्हणून सांगितलं. समोरचं दिसत राहील, कडेचं गेलं आहे, डाव्या अंगाचं जास्त. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते थेंब घालून सांभाळायचं. "आणि गाडी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. तो कागद आण्णाप्पाने ट्रंकेत धोतराखाली ठेवला. बायकोला, गुणाबाईला सांगितलं की थेंब धुळीचे आहेत. तिने विश्वास ठेवला, कारण नवरा खोटं बोलतो असा तिला अनुभवच नव्हता.

बॉनेटखालचं बघून झालं. बाराशेचं पेट्रोल, हाताने टाकायचे गिअर, पांढरा रंग. ओमकारने सगळं आधीच ठरवल्यासारखं पाठ म्हटलं. कल्याणी एकेक जादा सोय सांगत गेली. टपावरच्या उघडणाऱ्या काचेला आण्णाप्पाने हात झटकून नको म्हटलं. मागचा वायपर हवा, आपल्याकडच्या पावसात त्यावाचून भागत नाही. मग ती म्हणाली, "टॉप मॉडेलला चारी बाजूंना कॅमेरे आहेत काका. पडद्यावर सगळीकडचं दिसतं."

आण्णाप्पा एकदम पुढे सरकला. "डाव्या अंगाचं बी?"

"हो की."

"गाडी पळत असताना?"

"नाही काका. ते पार्किंगला. वेग वाढला की बंद होतात."

"कायम चालू न्हाय ठेवता येत?"

"नाही येत."

"मग काय उपयोग त्याचा," आण्णाप्पा म्हणाला आणि मागे टेकला. एवढ्या वेळात त्याने एका सोयीची मनापासून चौकशी केली होती, आणि तीही त्याच्या कामाची निघाली नाही.

"अप्पा, कॅमेरा कशाला तुमास्नी?" ओमकार हसला. "चला, चालवून बघू."

नको म्हणायची ही दुसरी वेळ होती. पण किल्ली हातात आली, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या हाताला काहीतरी आपलं लागलं. तो बसला. सीट पुढे घेतली, आरसे लावले. शेजारी कल्याणी, मागे ओमकार आणि सात वर्षांची तेजस्वी. गाडी हायवेकडच्या रस्त्याला लागली. दुसरा, तिसरा. क्लच लोण्यासारखा होता. आण्णाप्पाचं मन भरून आलं. डॉक्टरला काय कळतंय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"काका," कल्याणी म्हणाली. मग ती किंचाळली आणि तिने हँडब्रेक ओढला.

डाव्या आरशाला काहीतरी थडकलं होतं. गाडी गचका देऊन थांबली. मागे रस्त्याच्या कडेला एक बाई मातीत बसलेली, डोक्यावरचा गवताचा भारा सुटून पडलेला. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. चार बोटं अलीकडे असती तर मात्र काय झालं असतं ते आण्णाप्पाला सांगायला कुणी नको होतं. त्याला ती बाई दिसलीच नव्हती. रस्ता होता, गवत नव्हतं, बाई नव्हती. आता मान सगळी वळवून बघितल्यावर ती त्याला पहिल्यांदा दिसली.

ओमकार खाली उतरून ओरडत होता. "बघून चालाय येत न्हाय व्हय? मधी कशाला येताय?"

"मी कडंनंच चाललोतो की रं बाबा," ती बाई म्हणाली.

"कडंनं कसली? माझा बाप एकतीस वर्षं गाडी चालवतोय. एक ओरखडा न्हाय. तुमीच आडवं आला."

त्या बाईने गाडीत बसलेल्या आण्णाप्पाकडे बघितलं. पांढरे केस, ताठ मान, स्टेरिंगवर दोन्ही हात. तिलाही ते पटलं असावं. "असंल बाबा," ती म्हणाली, "ऊन लागतंय डोस्क्याला, कळंना झालंय." मग ती खाली वाकून गवत गोळा करू लागली.

जन्मात एवढी लाज आण्णाप्पाला कधी वाटली नव्हती, आणि तरी तोंड उघडलं नाही. तो उतरला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूच्या सीटपाशी आला. "छातीत धडधडतंय," एवढंच म्हणाला. कल्याणीने गाडी परत आणली.

शोरूममध्ये पाणी आलं, चहा आला. कल्याणीने फॉर्म पुढे घेतला. बाराशेचं पेट्रोल, हाताचे गिअर.

"लिहू नको," आण्णाप्पा म्हणाला. "ओमकार, त्या बाईची चूक न्हवती. मला ती दिसली न्हाय."

"कशी दिसंल? मधीच घुसली ती."

"तसं न्हवं रं. मला डाव्या अंगाचं दिसतच न्हाय. दिवाळीपासनं. डोळ्याच्या डॉक्टरनं गाडी बंद कर म्हणून सांगितलंया."

ओमकारने बापाकडे बघितलं आणि तो हसला. त्यात चेष्टा नव्हती, त्याला खरोखरच ते खोटं वाटलं. "घाबरलाय तुमी अप्पा. एक डाव झालं म्हणून काय. चष्मा बदलू. तुमी डोळं झाकून चालवाल गाडी." मग कल्याणीला म्हणाला, "लिहा तुमी. दोन दिवसांनी हेच म्हणतील, चावी दे."

"आज्जा, मी पुढं बसणार रोज," तेजस्वी म्हणाली. शोरूमवाल्यांनी दिलेला लाल फुगा तिच्या हातात होता. "तुमच्या बाजूला."

आण्णाप्पाने तिच्याकडे बघितलं. बोलून हे व्हायचं नाही, हे त्याला कळलं. एकतीस वर्षांची अब्रू त्याच्या एका वाक्याला जुमानत नव्हती.

"तेजू, खेळ खेळू या," तो म्हणाला. खुर्ची त्याने ओमकारच्या समोर फिरवून घेतली आणि मान ताठ धरली. "मी तुझ्या बापाकडं बघणार. तू फुगा घिऊन माझ्या डाव्या खांद्यामागं हुबी राहा. मग हळूहळू पुढं ये. दिसलीस की मी सांगतो, तवा थांबायचं. आवाज करायचा न्हाय."

पोरीला मजा वाटली. ती मागे गेली आणि फुगा उंच धरून चोरपावलांनी पुढे येऊ लागली. खांद्याच्या रेषेत आली. आण्णाप्पा ओमकारकडे बघत होता. ती कानाच्या रेषेत आली, गालाच्या रेषेत आली. ओमकारला फुगाही दिसत होता आणि बापाचे डोळेही, आणि ते डोळे त्याच्यावरून हलत नव्हते. तेजस्वीने तोंडावर हात धरून हसू दाबलं. आणखी एक पाऊल. आता फुगा जवळजवळ आण्णाप्पाच्या नाकासमोर होता.

"अजून मागंच हाय का गं?" आण्णाप्पाने विचारलं.

ओमकारच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तेजस्वीने शेवटचं पाऊल टाकलं.

"आता दिसलीस," आण्णाप्पा म्हणाला.

"मी जिंकले," तेजस्वी म्हणाली, आणि ती फुगा घेऊन दुसऱ्या गाड्या बघायला गेली.

ओमकार म्हणाला, "सांगायचं न्हवं व्हय अप्पा."

"काय सांगू? त्या कामाबिगर मला दुसरं काय येतंय?"

"मग गाडी कुणासाठी घ्यायची?" ओमकारने विचारलं. "मला तर चालवायला येत न्हाय. तुमच्यासाठी म्हणून चाललंतं समदं."

"पोरीची शाळा हायच की." आण्णाप्पा कल्याणीकडे वळला. त्याचा आवाज कट्ट्यावर बसून गावाला सल्ला द्यायचा तोच होता. "ऑटोमॅटिक लिही बाई. माझी सून, तेजूची आई, शिकलीया, लायसन हाय, खरं क्लचला भितीया. चढावर गाडी मागं येती म्हणून रडती. बाराशेचंच इंजिन ऱ्हाऊ दे. हवेच्या पिशव्या जेवढ्या मिळतील तेवढ्या घाल. आणि ते कॅमेरे बी घाल, तिला गल्लीत लावताना उपयोगाला येतील." मग थांबून ओमकारला म्हणाला, "ती बाई कुठल्या गावची, ते बी इचारलं न्हाय आपण."

"जाताना बघू," ओमकार म्हणाला. ती आता तिथे नसणार हे दोघांनाही माहीत होतं.

"ऑटोमॅटिकला तीन महिने थांबावं लागेल," कल्याणी म्हणाली. "साहेबांना विचारते. काका, तोवर मागं बसून बघा. जागा पुरते का ते."

बॉनेटखालचं सगळं आण्णाप्पाला ठाऊक होतं, मागे बसणं हे एक ठाऊक नव्हतं. कल्याणीने शोरूममधल्या पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडून धरलं. तो वाकून आत बसला. तिने दार लावलं आणि ती ओमकारला घेऊन साहेबांच्या टेबलाकडे गेली.

सीट मऊ होती. गुडघ्यांना जागा पुरत होती. समोर पुढच्या सीटची पाठ होती आणि तिच्यापलीकडे, हात पोचणार नाही इतकं लांब, स्टेरिंग. तो थोडा वेळ बसला, मग उतरायला म्हणून त्याने दाराची कडी ओढली. दार उघडलं नाही. पुन्हा ओढली. मग त्याच्या लक्षात आलं. पोरांनी मध्येच दार उघडू नये म्हणून दाराच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो लावलेला होता. वकिलांची नातवंडं आली की तो खटका तो स्वतःच आठवणीने लावायचा. मग आतून काही करता येत नाही.

काचेवर टिचकी मारली असती तर कुणीही आलं असतं. आण्णाप्पाने मारली नाही. कोर्टाच्या दारात गाडी थांबल्यावर केशवराव बसायचे तसे त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि कुणीतरी बाहेरून दार उघडेल म्हणून तो बसून राहिला.