कपाटातली उत्तरं

२०१८ साली माझी भाची सुकेशनी इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या परीक्षेआधी दीड महिना जिंतूरला माझ्याकडे राहायला आली. पदार्थांचं बलविज्ञान हा तिचा विषय आधी एकदा राहिला होता. "यंदा निघाला न्हाई तर शिक्षण बंद," असं तिच्या वडिलांनी, माझ्या भावानं सिद्धोधननं, बजावलं होतं.

राजेश्री नावाच्या मैत्रिणीनं तिला सोडवलेल्या उदाहरणांचं पुस्तक दिलं होतं. मी तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. शाळा उघडली की पोरांच्या पुस्तकांतली उत्तरांची पानं पहिल्याच दिवशी खळीनं चिकटवून टाकायची. हे पुस्तक दुसऱ्याचं, म्हणून कपाटात कुलूपबंद केलं.

"आत्या, उदाहरण मी सोडवलंय. नुसता ताळा करू दे की."

"उत्तरं बघून शिकलीस अन् उद्या येलदरीसारखं धरण बांधलंस, तर त्याच्या खाली कोण राहील गं?"

"धरण न्हाई आत्या, तुळई हाय ही!"

हसली, पण पुन्हा मागितलं नाही. रोज दहा-दहा उदाहरणं सोडवायची. मी गुणाकार, दशांश तपासायची. सगळं बिनचूक.

नापास झाली. राजेश्रीचं पुस्तक परत द्यायला कपाट उघडलं, तेव्हा तिनं ते उभ्या-उभ्या चाळलं. तुळई वाकते तेव्हा तिच्या आत एका पातळीवर ताण नसतो. चौकोनी तुळईत ती पातळी मधोमध असते, टी आकाराच्या तुळईत वर सरकते. सुकेशनीनं सगळीकडे मधोमधच धरली होती. दीड महिना तीच चूक तिनं घोटून घोटून पक्की केली होती.

"पहिल्याच दिवशी कळलं असतं, आत्या," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी सिद्धोधनचा फोन आला. "पोरीच्या डोक्यात शिरतच न्हाई का गं अक्का?" चूक माझी आहे, एवढं बोलायला जीभ उचलली नाही. बोलले असते तर त्यानं तिला आणखी एकदा बसू दिलं असतं.

राजेश्री आता पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. माझ्याकडे अजूनही चार पोरं शिकवणीला येतात. त्यांना मी आधी स्वतः सोडवायला लावते, मग ताळा, आणि चुकलेलं उदाहरण पुस्तक मिटून पुन्हा. सुकेशनीला पिंगळीला दिली. तिथल्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे, दर रविवारी फोन करते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. सिद्धोधन चार वर्षांपूर्वी गेला. पोरगी अभ्यासात कच्ची होती, असंच तो शेवटपर्यंत समजत राहिला.