चिंधी बांधलेलं वांगं

"ही चिंधी कुणासाठी बांधलीस गं, आबेदा?"

सकाळी सातला विमलाबाईंचा आवाज भिंतीवरून आला आणि मी चहाची बशी खाली ठेवली. पुण्याजवळच्या मांजरी गावात आमची तीन घरं एका ओळीत आहेत. मधलं आबेदाचं, अलीकडं मी, पलीकडं विमलाबाई. पुढच्या उसाच्या रानात आता बारा मजली इमारती उभ्या राहिल्यात, पण मागच्या परसातली माती अजून तीच, काळी आणि चिवट. परसांमध्ये कमरेएवढ्या भिंती. एकीचं भांडण तिन्ही घरांना ऐकू येतं.

"कुठली चिंधी?" आबेदा आळ्यात पाणी सोडत म्हणाली.

"ती लाल. वांग्याच्या देठाला बांधलीया ती. माझी नजर लागंल म्हणून?"

"ताई, खाई त्याला खवखवं. मी कुठं तुमचं नाव घेतलं?"

झालं. विमलाबाई तरातरा घरात गेल्या. त्या दिवशी त्यांच्या मोरीतली भांडी जरा जास्तच वाजली.

खरं सांगायचं तर नजर लागण्याजोगीच वांगी होती ती. जांभळी, तुकतुकीत, फांद्या मातीला टेकलेल्या. विमलाबाईंची रोपं मात्र यंदा मागं पडली होती. लेकीच्या बाळंतपणाला त्या महिनाभर वारज्याला राहिल्या आणि लागण उशिरा झाली. आता कुठं फुलं धरत होती आणि चंपाषष्ठीला तीन आठवडे उरले होते.

विमलाबाईंच्या देव्हाऱ्यात खंडोबा. आषाढापासून त्यांच्या घरात वांगं शिजत नाही. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच माणसांनी खायचं. आणि नैवेद्याचं वांगं आपल्याच परसातलं हवं. सासूनं घालून दिलेला हा नेम बेचाळीस वर्षांत मोडला नव्हता. इकडं आबेदाच्या चुलीवरून भाजल्या वांग्याचा वास सुटायचा आणि विमलाबाई फटकन खिडकी लावायच्या.

"मुद्दाम भाजती," त्या सुनेला म्हणायच्या.

"आई, त्या जेवायला भाजतात," राजनंदिनी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणायची. "आणि आपल्याला वांगी मोबाईलवरून मागवता येतात. दहा मिनिटांत."

"देव काय इमारतीत राहायला गेलाय का तुझा?"

चिंधीच्या भांडणानंतर विमलाबाईंनी पाळतच ठेवली. रोज सकाळी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं भिंतीशी उभ्या. तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं की आबेदा कात्रीनं वांग्याचे शेंडे कापते आणि डब्यात टाकून घरात नेते. विमलाबाईंचे डोळे चमकले. हे गुपित होतं तर. विचारायचं म्हटलं तर बोलणं बंद. त्यांनी विळा घेतला आणि आपल्या आठही झाडांचे सगळे शेंडे छाटून टाकले. कळ्यांसकट.

माझ्याकडे संध्याकाळी आळीतली मुलं शिकायला बसतात. आबेदाची नात अलिझा एकदा त्या डब्यातला शेंडा घेऊन आली. मी तो ब्लेडनं उभा चिरून मुलांना दाखवला. आत इवलीशी गुलाबी अळी.

"आता सांगा, झाडाचा कोणता शेंडा कापायचा?"

"मान टाकलेला," अलिझा म्हणाली. "दादी तेवढाच कापते आणि चुलीत जाळते. चांगल्या शेंड्याला हात नाही लावायचा. त्याच्यावर फुलं असतात."

पायरीशी काहीतरी हललं. विमलाबाई पिठाचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"मास्तर," त्यांनी हळूच विचारलं, "कापलेलं परत कधी फुटतं?"

"फुटतं की. पण महिना तरी जातो."

त्या डबा दुसऱ्या काखेत घेऊन गेल्या.

चंपाषष्ठीच्या सकाळी त्यांच्या झाडांवर पानं होती, वांगं एकही नव्हतं. त्या भिंतीकडं पाठ करून बसून होत्या. पलीकडून आबेदानं सूप भिंतीवर ठेवलं. सुपात सात वांगी.

"उचल ती," विमलाबाई म्हणाल्या. "देवाला माझ्या परसातलं लागतं."

"तुमचंच हाय, ताई. चार वर्सांमागं तुम्हीच मला पिकलं पिवळं वांगं दिलं होतं, बियाला. वर शिकवलं होतं, की बियाचं वांगं झाडावरच पिकू द्यायचं आणि देठाला चिंधी बांधायची, म्हंजी घरातलं कुणी चुकून तोडत न्हाई. इसरलात?"

विमलाबाई वळल्या. चिंधीचं वांगं पलीकडं पिवळं पडत चाललं होतं. त्यांनी सूप उचललं. आभार मानले नाहीत.

दुपारी आळीतल्या बायका प्रसादाला जमल्या. मीही होतो. राधाबाईंनी भरताचा घास घेतला आणि म्हणाल्या, "विमलाबाई, तुमच्या वांग्याची चव कुणाला यायची न्हाई."

विमलाबाई वाढता वाढता थांबल्या. दाराशी आबेदा बसली होती, खाली मान घालून, मुकाट रोडगा मोडत. ती बोलणार नव्हती हे दिसत होतं, आणि विमलाबाईंना तेच जास्त झोंबलं असावं.

"माझी न्हाईत," त्या म्हणाल्या. दात उपटून घेताना माणूस बोलतो तशा. "बी माझं. वांगी आबेदाची."

"निगुतीनं वाढवलीत हो," राधाबाई आबेदाला म्हणाल्या. मग सगळ्याच तिला विचारायला लागल्या, खत कुठलं, पाणी किती. विमलाबाई भरताचं पातेलं घेऊन आत निघून गेल्या.

पौषात त्यांच्या झाडांना नवे शेंडे फुटले आणि एका फांदीला वांगं धरलं. एकच, लिंबाएवढं. दुसऱ्या दिवशी त्याच्या देठाला भलीमोठी लाल चिंधी. वांग्यापेक्षा चिंधीच मोठी.

आबेदा भिंतीवर हात टेकून हसली. "ताई, एवढ्यात बियाला राखलं?"

"बियाला न्हाई," विमलाबाई चिंधीची गाठ आवळत म्हणाल्या. "तुझी नजर लागू नये म्हणून."