वनउद्यानातली पाहणी

पोरगी पाहाले लोक घरी येतात. पोहे खातात, चहा पितात, "चालून दाखव बाई" म्हणतात अन् जातात. पण पिंपळगाव राजा गावच्या सत्यभामाबाईनं, पोराच्या मायनं, निरोप धाडला, "बुलढाण्याच्या वनउद्यानात भेटू." माह्या डोक्यात तवाच किडा वळवळला. एवढं मोठं जंगल, सारे चढाचे रस्ते. पोरगी पाहाले तिथं काऊन? कोणीतरी हिले काजलच्या पायाचं सांगतलं, दुसरं काय!

काजल माह्या बहिणीची पोर. बहीण गेली तवापासून मेहकरले माह्यापाशीच हाये. लहानपणी पाय मोडला अन् वाकडा जुळला. उभी राह्यली तर समजत नाई, चालली की समजते. दोन सोयरिकी तिच्या चालीपायीच मोडल्या. तिसरी मले मोडू द्यायची नोती.

म्हणून फाटकाच्या आत शिरल्या शिरल्या म्या सावलीतला बाक धरला. "वं काजल, जीव गेला तरी उठू नको," म्हटलं. ती नुसती हसली. मले असा राग आला!

सत्यभामाबाई आली, संगं तिचा पोरगा ज्ञानेश्वर. बाईची नजर सरळ पोरीच्या पायाकडं. टेकली न टेकली तं म्हणे, "चाला, टेकडीवर जाऊ."

"पोरीले उपास हाये," म्या म्हटलं.

"मंग हळूहळू जाऊ."

"ऊन लागते तिले."

"सावलीच सावली हाये बाप्पा!"

बाई भलतीच पोचलेली दिसली. पोरगाही तसलाच. बोलत काई नाई, अन् घडीघडी काजलकडं पाहून मान हालवे. मायलेक ठरवूनच आले, म्या वळखलं.

तेवढ्यात काजल उठली. म्या हात धरला, तिनं तो सोडवून घेतला. अन् सगळ्याईच्या देखत, वाकडा पाय टाकत, चढाले लागली.

"झालं समाधान?" मी सत्यभामाबाईवर कडाडली. "हेच पाहाले बलावलं ना जंगलात?"

बाई चमकली. "मी काऊन बलावू? निरोप तेवढा म्या धाडला. माहे गुडघे असे दुखून राह्यले! तुमच्या पोरीनंच फोन केला ज्ञानेश्वरले. म्हणे, घरी मावशी मले बसवून ठेवते. उद्यानात या, पोटभर चालतानी पाहा, मंगच काय ते सांगा."

म्या वर पाह्यलं, तं ज्ञानेश्वर तिच्या संगं चालत होता, तिच्याच चालीनं.

काजलनं वळून हाक मारली, "मावशे, चाल ना! बसली काऊन?"

तिच्यासाठी धरलेल्या बाकावरून मलेच उठता येईना.