न विसळलेलं भांडं

आमच्या जावईबापूंना जन्मात कुणी नाही म्हटलेलं नाही. त्यांच्या आईने म्हटलं नाही, माझ्या मुलीने म्हटलं नाही, आणि मुलगी दिली की जीभ आवरायची असते म्हणून इतकी वर्षं मीही म्हटलं नाही. असा माणूस कॉम्प्युटरपुढे बसला की काय होतं, ते आम्ही पाहिलं.

सूत रंगवायचा आमचा कारखाना आहे. टाकीत सुताच्या लड्या सोडायच्या, रंग सोडायचा, तापवायचं, पिळून काढायचं. रंग ठरवतात माझे धाकटे दीर. कामगार त्यांना रंगारीकाका म्हणतात, मी भावजी म्हणते. माणूस म्हणून भावजी सोसण्यातले नाहीत. साधं दार लावा म्हणायचं तरी आग लागल्यासारखे ओरडतात. स्वतःचं कौतुक स्वतः करतात आणि वर आपल्याकडून होकार वसूल करतात. पण ओली लडी घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात धरली, की हा माणूस चक्क गप्प होतो. त्याने एकदा मान हलवली की तो रंग गिऱ्हाइकाकडून परत येत नाही. म्हणून मी ओरडणं ऐकून घेत आले.

आधी रंग मापून टाकायला माणसं होती. जावईबापूंनी ते काम प्रोग्रामवर नेलं. कुठल्या छटेला कुठला रंग किती, हे त्यात भरलं, आणि नळ्यांमधून रंग आपोआप टाकीत सुटायला लागला. इथवर ठीक होतं. मी तोंडभर कौतुकही केलं होतं, जावई म्हटल्यावर करावं लागतंच.

भावजींनी मात्र बोंब मारली. "सूत दर खेपेला सारखं पीत नाही. मला वरून भर टाकता आली पाहिजे." आपल्या प्रोग्रामला वरून काही लागतं हे जावईबापूंना कसं रुचणार? नव्या नवरीला मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला. तोंड फुगवून त्यांनी ती सोय करून दिली. भावजी लडी पाहणार, पडद्यावर बोटाने 'लाल जरा, निळा थोडा' असं टाकणार, आणि प्रोग्राम तेवढी भर त्या लॉटमध्ये सोडणार.

तिथून रंग बिघडायला लागले.

सकाळचा पहिला लॉट देखणा यायचा. दुसरा किंचित मळका. दुपार कलेपर्यंत गुलाबी म्हणून सोडलेलं सूत जखमेभोवतीच्या कातडीसारखं बाहेर पडायचं. भावजी त्यात सुधारायला आणखी भर टाकायचे, आणि पुढचा लॉट आणखी घाण यायचा.

जावईबापू रोज सकाळी हजर. आल्याआल्या प्रोग्राम बंद करायचे, पुन्हा चालू करायचे. कुणी सकाळी तोंड धुतं, हे प्रोग्राम बंद करून चालू करतात. मग हात पाठीमागे बांधून पहिल्या लॉटपाशी उभे. रंग बरोबर आला की सगळ्यांकडे एक नजर टाकायची. "मी असतो तेव्हा बरोबर येतो. मी गेलो की बिघडतो. आता बिघाड कशात आहे?" एवढं म्हणून थांबायचे, म्हणजे उरलेलं वाक्य आपण पुरं करावं.

माझ्या मुलाने ते पुरं केलं. शेवटी जो बोलेल त्याचं खरं, अशा स्वभावाचा मुलगा माझ्याच पोटी आला. "काकांचे डोळे थकलेत गं आई," म्हणाला.

भावजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, वयाप्रमाणे थोडं धूसर असणारच. या वयाच्या कुठल्याही माणसाला तो आणखी काय सांगणार होता? पण जावईबापूंनी ते वाक्य कारखान्यात असं फिरवलं, जणू कोर्टाचा निकाल. ठरलं, की महिना संपला की भावजींनी घरी बसायचं आणि दुसरा रंगारी आणायचा. भावजी भांडले नाहीत. याचं मला जास्त वाईट वाटलं. ओरडणारा माणूस ओरडेना, म्हणजे त्यालाही ते पटायला लागलं होतं.

तेव्हा मी सुनेला बोलावलं. ती एका ऑफिसात असलेच प्रोग्राम लिहिते. तिच्यावर फार भरवसा होता असं नाही. ही मुलगी बोलते अशी, की शब्दाला कर बसतो. आणि चहा असा करते, की कपाचा तळ दिसावा. पण जावईबापूंच्या इंग्रजीला तोंड देणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

ती आली ती दुपारी, ऐन बिघडायच्या वेळी. टाकीतून काढलेली लडी भावजींच्या हातात होती आणि ते त्या लडीकडे पाहतही नव्हते. मुलाने जावईबापूंना फोन करून बोलावून घेतलं होतं. ते तरातरा आले, खुर्ची ओढली, आणि हात सरळ माऊसकडे.

"हात नका लावू, दादा," सून म्हणाली.

"रीस्टार्ट करतोय फक्त."

"तेच नका करू. रोज तेच करता."

"अगं, बंद करून चालू केलं की नीट होतं!"

मी म्हटलं, "जावईबापू, डॉक्टरकडे आजारी माणूस आला तर त्याने आधी मारायचं आणि मग तपासायचं का?"

"आई, ही टेक्निकल गोष्ट आहे."

"मग टेक्निकल मारायचं का?"

टाकीपाशी उभे असलेले दोघं कामगार एकदम नळीची गळती शोधायला वाकले.

सुनेने जावईबापूंना उठवलं नाही, दुसरी खुर्ची आणून शेजारी बसली आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मी विचारलं, "तू करणार काय आहेस, ते माणसाच्या भाषेत सांग."

"आई, दादांनी लिहिलेलं यंत्राला थेट कळत नाही. मध्ये इंटरप्रिटर असतो. तो एकेक ओळ वाचतो आणि यंत्राकडून ते काम करून घेतो."

"म्हणजे दुभाष्या."

"हो. आणि काम चालू असताना त्याला जे जे लक्षात ठेवायचं असतं, ते त्याच्या पोटात असतं. बंद केला की पोट रिकामं, सगळं विसरला. दादा रोज बंद करतात, त्यामुळे तो काय धरून बसलाय हे कुणी पाहिलेलंच नाही. मी तो चालू असतानाच त्याला विचारणार आहे."

"मी कोड शंभरदा वाचलाय," जावईबापू म्हणाले. "त्यात चूक नाही."

"लिहिणाऱ्याला आपल्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं, दादा. आता त्याने काय समजून घेतलंय ते बघू."

पडद्यावर तिने एक काळी खिडकी उघडली आणि त्या चालत्या प्रोग्रामला आतून जोडून घेतली. टाक्यांची घरघर चालूच होती, नळ्यांतून पाणी वाहतच होतं. कुठे काही थांबलं नाही. मला हे बरं वाटलं. माणूस जेवत असताना त्याच्याशी दोन गोष्टी बोलाव्यात तसं ते होतं.

तिने आधी विचारलं, आत्ता कुठला लॉट चालू आहे. उत्तर बरोबर आलं. मग विचारलं, या छटेला मूळ रंग किती धरलायस. तेही बरोबर.

"बघा!" जावईबापू खुर्चीत टेकून बसले. "आता म्हणा."

भावजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांची पाठ पाहून मला वाटलं, हा माणूस आता निरोपच घेतोय.

सून तिथे थांबली नाही. लॉट रंगवायचं काम ज्या ओळींत लिहिलं होतं, त्या ओळींनाच तिने गाठलं. विचारलं, की वरची भर तू कशात धरून ठेवतोस, त्या भांड्यात आत्ता काय आहे? आणि त्या काळ्या खिडकीत जे ओघळायला लागलं ते संपेना. लाल, निळा, पुन्हा लाल, काळा, पिवळा. ओकारी झाल्यासारखं सगळं बाहेर आलं.

"काका," सून म्हणाली, "या लॉटला तुम्ही किती भर टाकलीत?"

"टाकलीच नाही अजून," भावजी न वळता म्हणाले. "दुपारपासून मी हात लावत नाही कशाला."

"मग हा पिवळा कुणाचा?"

ते वळले. चष्मा वर करून पडद्याशी आले. "हा... हा मी सकाळी टाकला होता. मोतिया रंगाला. आणि हा लाल त्याच्या पुढच्याला. हे सगळं यात कशाला आलंय?"

सून म्हणाली, "दर लॉटला नवं, रिकामं भांडं मिळायला हवं होतं. दादांनी असं लिहिलंय, की भांडं प्रोग्राम चालू होताना एकदाच घडतं आणि मग तेच सगळ्यांना दिलं जातं. सकाळच्या लॉटची भर दुपारच्यालाही सुटते."

"असं होणार नाही," जावईबापू म्हणाले. "मी रिकामंच लिहिलंय. ओळ वाच."

"ओळीत रिकामंच आहे. पण पोटात नाही." तिने दोन प्रश्न टाकले: या लॉटच्या हातात असलेलं भांडं कुठे ठेवलंयस, आणि तुझ्या ओळीत पहिल्यापासून होतं ते कुठे आहे. दोन्हींचा पत्ता एकच आला. जावईबापू पुढे वाकून तो पत्ता पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मी म्हटलं, "म्हणजे सकाळचं भांडं न विसळता त्यातच दुपारचं शिजवत होतात. आणि रोज सकाळी येऊन बंद करत होतात, तेव्हा तेवढं एकदा विसळलं जात होतं. म्हणून तुमच्यासमोर रंग देखणा."

"आई, ही त्या भाषेचीच जुनी खोड आहे," ते म्हणाले. "भल्याभल्यांकडून होतं हे."

"भल्याभल्यांकडून होतं, मग डोळे एकट्या भावजींचे कसे गेले?"

यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्यात पाहू लागले. फोन वाजलेला नव्हता. माझा मुलगा लगेच म्हणाला, "मला वाटतच होतं, काकांचे डोळे चांगले आहेत." वाऱ्याशी काय भांडायचं?

सुनेने ती ओळ बदलली. लॉट सुरू होईल तेव्हा भांडं नवं घडवायचं, असं लिहिलं, आणि जावईबापूंना म्हणाली, "आता करा बंद, दादा." त्यांनी केलं. त्या दिवशी तेवढं एकच काम त्यांच्या हातून वेळेवर झालं.

पहिला लॉट नीट आला. तो तसाही यायचाच. भावजींनी त्याला मुद्दाम लाल रंगाची भर घातली, पुढच्यात उतरते का ते पाहायला. दुसरा निघाला. तो नीट. तिसराही नीट, कोवळा गुलाबी, बाळाच्या टाचेसारखा. कामगार हसायला लागले. नवा रंगारी आता येणार नाही, हे मुलाने मोठ्याने सांगून टाकलं, शेवटचं बोलणं आपलं असावं म्हणून.

भावजी लडी घेऊन खिडकीपाशी गेले. मी वाट पाहत होते, की आता हे गर्जणार, जावईबापूंच्या सात पिढ्या काढणार, आणि मी आज त्यांना आवरणार नाही. ते लडी उजेडात धरून उभे राहिले. उलटी केली. पुन्हा सुलटी केली. मग हलक्या आवाजात म्हणाले,

"वहिनी, बरोबर आहे ना हा?"

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून या माणसाने मला काही म्हणून विचारलेलं नाही. सांगितलं फक्त. आणि आता माझ्यापुढे ओली लडी धरून उभा. ओळ सुधारली होती, टाकी सुधारली होती. पण या माणसाला जे इतके दिवस ऐकवलं होतं, ते कुठल्या काळ्या खिडकीतून विचारून बाहेर काढायचं?

"मला कशाला विचारता?" मी म्हटलं. "जावईबापू, इकडे या. तुम्ही सांगा त्यांना."

ते आले. "छान आहे, काका."

"नक्की?" भावजींनी विचारलं.

"नक्की."

"उद्यापासून रोज यायचं," मी जावईबापूंना म्हटलं. "दर लॉटला इथे खिडकीपाशी उभं राहायचं. हे विचारायचे थांबेपर्यंत."

"आई, मला रंगातलं काय कळतं?"

"ते आम्हाला केव्हाच कळलंय. तुम्हाला आज कळलं. नुसतं उभं राहा आणि विचारलं की सांगा."

मुलगी रात्री फोनवर रडली, की तू त्यांचा अपमान केलास. मी म्हटलं, केला. पुढे बोल. तिने फोन ठेवला.

जावईबापू आले, आणि येतच राहिले. भावजी लडी दाखवायचे, विचारायचे, हे म्हणायचे बरोबर आहे. हळदी, राखी, निळा, सगळ्याला एकच उत्तर. पाहायचेही नाहीत. ओल्या सुताचं पाणी बुटांवर पडतं म्हणून पाय मागे घ्यायचे आणि तोंडाने बरोबर म्हणायचे. कित्येक दिवस हे चाललं. मी रोज दारातून पाहायचे आणि परत फिरायचे.

मग एका दुपारी भावजींनी आकाशी लडी धरली. "बरोबर?"

"बरोबर," जावईबापू म्हणाले.

"काय बरोबर?" भावजी असे ओरडले, की टाकीवरचा कामगार दचकून शिडी धरून बसला. "हिरवट मारतोय हा! धडधडीत हिरवट! माणूस आहात की भिंत? लाल टाक रे जरा, लाल! आणि तुम्ही उजेडातून बाजूला व्हा आधी!"

जावईबापू भिंतीला लागले. लडीचं पाणी त्यांच्या शर्टभर उडालं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, की आता तरी यांना काही बोला.

"जा तुम्ही घरी," मी म्हटलं. "तुमचं काम झालं."