माझ्या अंगावरची झूल

मित्रांनो, मी एक जुना हीट पंप आहे. उस्मानपुऱ्यातल्या एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी उभा असतो. नाव ऐकून तुम्हाला वाटेल, मी विहिरीतलं पाणी उपसतो. तसं नाही. मी हवेतली ऊब उपसतो. माझा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, तिच्यातली उष्णता मी काढून घेतो आणि टाकीतल्या पाण्याला देतो. उरलेली गार हवा बाहेर सोडून देतो. विजेला फक्त ही ऊब वाहून न्यायची असते, तयार करायची नसते. म्हणून गिझरपेक्षा मला वीज पुष्कळ कमी लागते. मात्र मी सावकाश काम करतो, आणि श्वास घेतल्याशिवाय मला काहीच जमत नाही. हे नीट लक्षात ठेवा.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण माझं आयुष्य खरं सुरू झालं ते दुकानात, भानुमतीबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा. त्यांची लेक मनस्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. घरातला जुना गिझर एक बादली भरली की दमायचा. ऐन थंडीत बाळ-बाळंतिणीला पाण्यासाठी ताटकळू द्यायचं नाही, असं बाईंनी ठाम ठरवलं होतं.

त्यांचे यजमान वैजनाथराव म्हणाले, "सगळ्यात मोठा घेऊन टाकू. पुन्हा कटकट नको."

मुलगा सुयश एका छोट्या, चकचकीत यंत्रापाशी थांबला होता. "आई, हा मोबाइलवरून चालू होतो!"

दुकानदार अभयने विचारलं, "काकू, घरात बेडरूम किती?"

"बेडरूम आंघोळ करत नाहीत रे बाबा, माणसं करतात," बाई म्हणाल्या. "आम्ही सगळे सकाळी एकापाठोपाठ न्हाणीत जातो. मग मालीश झाली की बाळ, आणि शेवटी बाळंतीण. तिला तर भरपूर कढत पाणी लागतं. एवढ्या बादल्या एका सकाळी पुरतील, अशी टाकी दाखव. उगाच मोठी नको, रोज जादा पाणी तापवून ठेवायचं कुणासाठी? आणि नळाला पाणी रोज कुठं येतं आपल्याकडं? बोअरचं वापरतो. तांब्यावर पांढरा थर धरतो त्याचा. ते सोसणारी टाकी हवी."

अभय माझ्यापाशी आला. "मग हा घ्या. बसवणार कुठं?"

"न्हाणीच्या माळ्यावर," सुयश म्हणाला.

"माळ्यावर कोंडणार असाल तर नका घेऊ. याला मोकळी हवा लागते."

"गच्चीवर ठेवू," बाईंनी तिथंच निकाल दिला.

असा मी निवडला गेलो. कुणी रूपावरून नाही, कुणी आकारावरून नाही, घरातल्या गरजेवरून. मला फार अभिमान वाटला. पहिल्याच सकाळी न्हाणीतून वैजनाथरावांचा आवाज आला, "अगं, पाणी केवढं कढत आहे!" मी मनोमन ठरवलं, या घराला कधी गार पाणी द्यायचं नाही.

पण पुढं थंडी वाढली. एका संध्याकाळी बाईंनी माझ्यासमोर हात धरला. गार झोत लागला तशा त्या कळवळल्या. "थंडीनं कुडकुडतंय बिचारं!"

आपल्या घरांत वस्तूवर माया बसली की तिला कव्हर शिवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. फ्रिजला, मिक्सरला, शिलाई यंत्राला. बाईंनी जुनी मऊ सुती साडी काढली, तिची चौपदरी झूल शिवली आणि माझ्या अंगावर चढवून नाड्या घट्ट बांधल्या. पोळ्याच्या बैलासारखा मी सजलो, पण माझं नाकतोंड बंद झालं. मी सोडलेली गार हवा झुलीतच फिरायची आणि पुन्हा माझ्याच छातीत शिरायची. रात्रंदिवस धापा टाकल्या तरी पाणी कोमटच राहायचं.

त्याच सुमारास मनस्विनी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली. भानुमतीबाई दुखऱ्या गुडघ्यांनी गॅसवरची पातेली उचलून न्हाणीत नेऊ लागल्या.

"हे परदेशी खूळ थंडीत चालायचं नाही, मी म्हणत नव्हतो?" वैजनाथराव म्हणाले. ते असं कधीच म्हणाले नव्हते. त्यांनी दुकानात फोन करून बजावलं, "उद्या येऊन घेऊन जा तुमचं यंत्र." मी ऐकत होतो. जायचंच असेल तर जाऊ, पण तोवर थांबायचं नाही, अशा हट्टानं मी फिरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला कोवळं ऊन द्यायला सगळ्या जणी गच्चीवर आल्या. मालीश करणाऱ्या आशाबाईही होत्या.

"बाई, लई कोमट पाणी व्हतं आज," आशाबाई म्हणाल्या. "तेलबी निघंना. लेकरू नुसतं कुरकुर करायलंय."

एवढ्यात वारा सुटला. मनस्विनीनं चटकन दुपटं ओढून बाळाचं तोंड झाकलं.

"अगं, नाक उघडं ठेव त्याचं!" भानुमतीबाई ओरडल्या. "ऊब दे, पण श्वास नको का..."

त्या बोलता बोलता थांबल्या. माझ्याकडं पाहत राहिल्या. मग तरातरा येऊन माझ्या नाड्या सोडायला लागल्या. गाठ सुटेना, तशी त्यांनी दातांनी ओढली.

"काय झालं वो बाई?"

"हिला शिकवतेय मी! आणि याचं नाक मीच बांधून ठेवलंय, आशाबाई!"

झूल उतरली आणि मी छातीभर हवा ओढली. मित्रांनो, ती हवा थंडच होती. पण थंड हवेतही ऊब असते, ती ओढून काढता आली पाहिजे, आणि माझा जन्मच त्यासाठी आहे. दुपारी वैजनाथरावांनी नळाखाली बोट धरलं आणि "हाय!" करून मागं घेतलं.

"आता त्या अभयला येऊ नको म्हणून कळवतो," ते पुटपुटले.

"येऊ द्या की. चहा पिऊन जाईल," बाई हसून म्हणाल्या. "आणि झूल चढवायचं खूळ माझं होतं, तेही सांगा त्याला."

बाळाचं नाव श्रेया. आता ती शाळेत जाते. सुट्टीत आली की उन्हाळ्यात माझ्या गार झोतासमोर वैजनाथरावांची खुर्ची बळकावते. मी म्हातारा झालोय, पंखा थोडा खडखडतो. तरी भानुमतीबाई मऊ ब्रशनं माझ्या जाळीतली धूळ काढतात आणि टाकीत साचलेला क्षार वेळच्या वेळी काढून घेतात.

मुलांनो, वस्तू निवडताना घराला काय हवं ते आधी विचारा. आणि ती घरी आली की तिला काय हवं, तेही विचारा. नुसती माया पुरत नाही.

ती झूल बाईंनी फेकली नाही. उसवून, धुऊन तिची श्रेयासाठी दोन दुपटी शिवली. एक अजून वापरात आहे. ते वाळत घालताना भानुमतीबाई आधी माझ्याकडं बघतात आणि माझ्या पंख्यासमोरून दोरी हातभर बाजूला सरकवून बांधतात.