थेंबातली बाई

घरात कॅमेरे दोन, लेन्सा चार, काढलेले फोटो अकरा हजारांच्या वर, आणि बायको गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो सापडू नये! याला काय म्हणावं? चष्मेवाल्यांच्या घरी नेमकं हेच झालं. शेवटी तिच्या ओळखपत्रावरचा टपालाच्या तिकिटाएवढा फोटो मोठा करून आणला. मोठा केल्यावर त्यात उरलं काय, तर दोन नाकपुड्या आणि आवळलेले ओठ. लेकीने तो एकदा बघितला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

"ही आई नाही," ती म्हणाली. "हा आईचा पंचनामा आहे."

त्या गोष्टीला आठ महिने झाले. मंगळवारी लेकीचा फोन आला. "बाबा, रविवारी येतेय मी. आईचा एक चांगला फोटो काढून ठेवा, मला घरी लावायचाय. हसणारा असला तर बरं."

"आहेत की ढीगभर," चष्मेवाले म्हणाले.

चक्क थाप! ढीग होता तो सगळा भुंगेऱ्यांचा.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत "हे स्पष्ट की हे?" असं विचारण्यात गेली. घरामागे बारा पावलांची बाग, भिंतीला लागून गुलाब, मध्ये लिलीचा वाफा. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर हा माणूस त्या बागेत गुडघ्यांवर. फुलांचे फोटो, मधमाशीच्या पायावरच्या परागांचे फोटो, कोळ्याच्या आठही डोळ्यांचे फोटो. बायकोला त्यातलं काडीचं कौतुक नव्हतं. "माणसं मेली का सगळी, की तुम्ही किड्यांमागे लागलात?" असं म्हणायची. पण यायची. रोज यायची, कारण पत्रा धरायला दुसरं कोण होतं?

त्याला ते दोघं पत्रा म्हणायचे, पण होता तो थर्मोकोलचा तुकडा, नव्या फ्रिजच्या खोक्यातून निघालेला. सकाळचं ऊन बागेत एकाच बाजूने येतं, त्यामुळे फुलाचा अर्धा भाग अंधारात राहतो. मागे उभं राहून कुणी पांढरं काही धरलं, की त्याचा उजेड त्या काळ्या बाजूवर पडतो आणि फूल कसं उमलून येतं. तर बायको यांच्या खांद्यामागे उभी राहून पत्रा धरायची. शिवणकाम करणारी बाई ती, तिने जुन्या पट्ट्याची मूठ पत्र्याच्या पाठीला शिवून टाकली होती. तरी डावा हात वरच्या कडेवरच असायचा. वर्षानुवर्षं धरून धरून त्या कडेला चार बोटांचे चार खळगे पडले होते.

"अजून एकच," चष्मेवाले म्हणायचे. हा यांचा मंत्र. अजून एकच म्हणत चाळीस निघायचे. यांनी "बास" म्हटलं की मगच ती हात खाली करायची. एकदा तर हे महाशय बास म्हणायलाच विसरले. आत गेले, फोटो बघितले, चहा करून प्यायले, दाढी उरकली. खिडकीतून बघतात तो काय, ही आपली पत्रा धरून तशीच उभी!

"अगं, संपलं की कधीच!"

"मला काय माहीत? मला वाटलं, तुमचा अजून एक राहिला असेल," ती म्हणाली आणि हात चोळत आत आली. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना हा किस्सा हसत सांगितला जायचा. हसायचे ते जास्त करून चष्मेवालेच.

आता जे सांगायचं ते थेंबाचं. पाकळीवर दव असेल तर त्या थेंबाच्या फुगऱ्या पाठीवर समोरचं सगळं उमटतं, इवलंसं. कॅमेरा उमटतो, कॅमेऱ्यामागचा माणूस उमटतो, पत्रा म्हणजे एक छान पांढरी खिडकी होऊन उमटते. आणि बायकोला सवय वाकून बघायची! "काय सापडलं एवढं?" म्हणत ती पत्र्याआडून डोकं बाहेर काढायची, नेमकी बटण दाबताना. झालं, आली थेंबात. बारा वर्षांपूर्वी छंद मंडळाच्या प्रदर्शनात यांच्या गुलाबाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी कानाशी येऊन सांगितलं, "पहिलंच द्यायचं होतं हो, पण थेंबात बाई दिसते."

ते यांच्या इतकं जिव्हारी लागलं की विचारू नका. घरी येऊन बायकोवर डाफरले, "तोंड पत्र्याच्या मागे ठेवायचं! बाहेर काढायचं नाही!"

"बरं बाई," ती म्हणाली. पण खोड ती खोड. पाचांत एकदा तरी डोकावायचीच. मग चष्मेवाले कॉम्प्युटरवर तिला पुसायला शिकले. शेजारच्या पानाचा हिरवा रंग उचलायचा आणि चेहऱ्यावरून डावीकडून उजवीकडे ब्रश फिरवायचा, शेवटी हलकासा वर उचलायचा. तीन फटक्यांत बाई गायब. त्याआधीचे जुने फोटोही उकरून साफ केले. बक्षिसाचा फोटो मंडळाकडून मागून आणला आणि साफ केलेली प्रत नेऊन दिली. आणि मूळ फोटो? ते उडवले. चांगलं ठेवायचं, कचरा टाकायचा, ही दुकानातली शिस्त.

बुधवारी दुकान बंद ठेवून ते कॉम्प्युटरसमोर बसले. एक तरी सुटला असेल, एक तरी! एकेक थेंब मोठा करून बघत गेले. प्रत्येक थेंबात पत्र्याची पांढरी खिडकी आणि तिच्या कडेला एक हिरवा डाग. दोनशे, चारशे, सातशे. काम कसं चोख, कुठे कसूर नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या नीटनेटकेपणाची किळस आली. संध्याकाळी मंडळाच्या चिटणीसांना फोन केला.

"तुमचा तो गुलाब ना? आहे की," चिटणीस म्हणाले. "तुम्हीच दिलेला साफ केलेला. डाग शोधून दाखवा म्हणावं!"

गुरुवारी सकाळी ते कॅमेरा घेऊन बागेत गेले, आठ महिन्यांनी. का गेले, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात बसवेना, एवढंच खरं. गुलाबाची पार रया गेली होती, पण एक पिवळं फूल होतं, आणि पाकळीवर ठिपक्यांचा एक भुंगेरा, त्याच्याशेजारी दवाचा थेंब. हात आपोआप वळले. पत्रा धरायला कुणी नाही, तेव्हा अर्धं फूल काळं येणार, हे धरूनच त्यांनी चार फोटो काढले.

फूल काळं आलं नाही. डाव्या बाजूने त्यावर मऊ पांढरा उजेड पडला होता, पूर्वीसारखा. चष्मेवाल्यांनी थेंब मोठा केला. थेंबात ते स्वतः होते, गुडघ्यांवर. त्यांच्या खांद्यामागे पांढरी खिडकी होती. खिडकीच्या वरच्या कडेवर चार बोटं होती.

ते उठले आणि तडक मागच्या अडगळीच्या खोलीत गेले. पत्रा कोपऱ्यात होता तिथेच होता. पट्ट्याच्या मुठीपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं, अख्खं, कुठेही न तुटलेलं. त्यांनी बोट लावायचं धाडस केलं नाही. दार लोटून घेतलं आणि स्वयंपाकघरात येऊन ग्लासभर पाणी प्यायले. भीती वाटली का? वाटली तर! पण भीतीच्या तळाशी दुसरंही काही होतं, आणि ते खोटं कशाला सांगा, तो आनंद होता. ती आली होती. म्हणजे फोटो मिळणार होता.

शुक्रवारी ते उजाडताच बागेत. मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. लिलीचा वाफा, भिंत, बास. पण डोळा कॅमेऱ्याला लावला आणि गुलाबाच्या काळ्या बाजूवर हळूच उजेड चढला.

"अगं, जरा वर," ते पुटपुटले.

उजेड वर सरकला. कॅमेरा टाकून पळावंसं वाटलं, पण डोळा कॅमेऱ्यावरून निघेना.

"आता डोकाव," ते म्हणाले. "काय सापडलंय बघ की. बघ ना!"

उजेड थरथरला, पण जागा सोडीना. साठ फोटो काढले. साठांच्या साठांत पत्रा आणि चार बोटं, आणि पत्र्याच्या कडेला केसांची एक बट. बाई नाही. जिवंतपणी हजारदा सांगून ऐकलं नाही, आणि आता ऐकत होती! शनिवारीही तेच. चष्मेवाले अक्षरशः रडकुंडीला आले. "एकदा काढ गं डोकं बाहेर, तुझ्या पाया पडतो," असं भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. शेजारीण कपडे वाळत घालता घालता थबकली आणि आत निघून गेली.

रविवार उजाडला. लेक दहापर्यंत येणार होती. सातला चष्मेवाले गुलाबापुढे गुडघे टेकून बसले. उजेड आला.

"हे बघ," ते फुलाकडे बघतच बोलले, कारण वळलं की ती नसायची, हे आता त्यांना कळलं होतं. "चुकलं माझं. त्या परीक्षकाला काय कळतंय! तुला पुसायला नको होतं मी. आता नाही पुसणार, शपथ घेतो. पत्रा खाली घे आणि तोंड दाखव. लेक येतेय, तिला फोटो हवाय."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग फुलावरचा उजेड एकदम उतरला. पत्रा खाली गेला होता. चष्मेवाल्यांनी श्वास रोखून बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिले.

आत येऊन त्यांनी पहिला फोटो उघडला. थेंब मोठा केला. आली होती! निळा स्वेटर, कोपराला तिनेच लावलेलं ठिगळ, दोन्ही हातांत खाली धरलेला पत्रा, उजव्या हाताचं ते सुईने बोचून बोचून खरखरीत झालेलं बोट. आणखी मोठा केला. मान. मानेच्या वर हिरवा रंग.

पानाचा हिरवा. तीन फटके, डावीकडून उजवीकडे, शेवटी हलकासा वर उचललेला.

त्यांनी दुसरा उघडला, तिसरा, दहावा. सगळीकडे तेच. त्यांनी या फोटोंना हातही लावला नव्हता. पण स्वतःचा हात माणसाला ओळखता येतो हो, सही ओळखावी तसा. ती आली होती, सांगितलं तसं तोंडही दाखवत होती. यांनी ठेवलं होतं तेवढंच दाखवत होती.

दार वाजलं. लेकीकडे किल्ली होती, ती थेट आतच आली. पिशवी खाली ठेवताना तिची नजर पडद्यावर गेली आणि ती तशीच उभी राहिली.

"हाही पुसलात, बाबा?"

नाही म्हणता आलं असतं. खरंही होतं ते. चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. "हो. मीच पुसला."

"म्हणजे नाहीच आहे एकही."

"नाही."

लेक भांडेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने खुर्ची ओढली आणि पडद्यावरच्या त्या खरखरीत बोटावर आपलं बोट ठेवलं. "हाच द्या मला," ती म्हणाली. "हात आईचेच आहेत. चेहऱ्याचं काय, तो मला पाठ आहे. हसताना आधी डावी भुवई वर जायची तिची, मग हसू यायचं. मी बघायचे ना आईकडे." मग तिने सहज विचारलं, अगदी सहज, "तुम्हाला आठवतो ना, बाबा?"

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. भुंगेऱ्याच्या पाठीवरचे सात ठिपके त्यांना जसेच्या तसे दिसले. कोळ्याचे आठ डोळे दिसले. मग त्यांनी तिला आठवायला घेतलं. निळा स्वेटर आला, मान आली, आणि मानेच्या वर गच्च हिरवं. डावी भुवई आठवून बघितली. तीही हिरव्यात गेली.

"चहा ठेवते मी," लेक म्हणाली आणि आत गेली.

त्यांनी डोळे उघडून खिडकीबाहेर बघितलं. ऊन भिंतीवर आलं होतं, गुलाबाची एक बाजू काळी पडली होती. बघता बघता त्या काळ्या बाजूवर पांढरा उजेड चढला आणि स्थिर झाला. बास म्हटल्याशिवाय ती हात खाली करायची नाही. आठ महिने झाले, कुणी म्हटलंच नव्हतं.

चष्मेवाले उठून दारापर्यंत गेले. बास गं, ये आता, हात दुखले असतील तुझे, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर उजेड गेला असता, आणि मग त्यांच्याकडे काय उरलं असतं? तो हिरवा डाग! शब्द ओठांपर्यंत आला होता.

त्यांनी टेबलावरचा कॅमेरा उचलला.

"थांब हं," ते म्हणाले. "अजून एकच."